उसिक, फ्युरी, अली, टायसन: ‘कोण कुणाला पाडेल’ या वादाची पार्श्वभूमी

१९ जुलै २०२५ ला लंडनच्या वेम्बलीवर ओलेक्सांडर उसिकनं डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत आडवं केलं आणि मुष्टियुद्धातल्या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचे चारही मोठे पट्टे (चार संघटनांचे किताब) पुन्हा एकाच माणसाकडे आले. मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीला हरवून त्यानं हेच एकदा करून दाखवलं होतं. इथं प्रश्न मिटायला हवा होता. पण आमच्या बेळगावकडे शहापूरपासून निपाणीपर्यंत कुठंही चार कुस्तीशौकीन बसलेले असोत, उसिकचं नाव निघालं की एक जण म्हणणारच, “माइक टायसन भरात असता तर काय केलं असतं मर्दा त्यानं!” मग दुसरा मुहम्मद अली काढतो, तिसरा जॉर्ज फोरमनचा ठोसा काढतो, आणि उसिक बाजूलाच राहतो.

हा वाद रिकामटेकड्यांचा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, आणि माझ्या मते त्याचं मूळ झालेल्या लढतींपेक्षा न झालेल्या लढतींत जास्त सापडतं.

आमच्या भागातला माणूस या प्रश्नाकडे कुस्तीच्या नजरेनं बघतो. यात्रेच्या मैदानाआधी वेशीवर फ्लेक्स लागतो. डावीकडे एक पैलवान, उजवीकडे दुसरा, मध्ये ‘विरुद्ध’, आणि खाली इनाम देणाऱ्यांचे फोटो, ते बहुधा पैलवानांपेक्षा मोठे. वरच्या क्रमांकाच्या जोडी कमिटी आणि तालमींचे वस्ताद आधी बोलून ठरवतात. खालच्या कुस्त्या मात्र फडातच ठरतात. पोरं लंगोट कसून रिंगणात येतात, पंच दोघांना शेजारी उभं करून मान, दंड, उंची बघतो आणि पटलं तर दोघांचे हात धरून वर करतो. “जोड जमत नाही” असा गलका झाला तर एकाला मागं घेतात. जोड बरोबरीची आहे की नाही, यावर बघणाऱ्यांचंही काही चालतं. मुष्टियुद्धात ते कधीच चाललं नाही. तिथं किताब ज्याच्याकडे, त्याच्या मर्जीनं जोड, आणि नंतरच्या काळात ज्याच्याकडे पैसा, त्याच्या मर्जीनं.

सुरुवातच तशी झाली. ग्लोव्हज घालून, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत लढायचे क्वीन्सबेरी नियम १८६७ चे. त्याआधीपासून चालत आलेल्या उघड्या मुठींच्या जमान्यातला शेवटचा मोठा विजेता जॉन एल. सलिव्हन. कुणालाही लोळवीन अशी त्याची बढाई असे, पण पीटर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याशी तो लढला नाही. याच जॅक्सननं मे १८९१ मध्ये जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या झुंज दिली आणि निकाल लागला नाही. पुढच्याच वर्षी, ७ सप्टेंबर १८९२ ला, कॉर्बेटनं सलिव्हनला २१ व्या फेरीत पाडलं आणि किताब घेतला. जॅक्सनला किताबाची लढत शेवटपर्यंत मिळाली नाही. सलिव्हन मोठा की जॅक्सन, या पहिल्या वादाचा निकाल असा रिंगणाबाहेरच राहिला.

१९०८ मध्ये जॅक जॉन्सननं सिडनीत टॉमी बर्न्सला हरवलं आणि पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. तेव्हा गोऱ्या अमेरिकेनं निवृत्त जेम्स जेफ्रीजला शेतावरून उठवून आणलं. जेफ्रीज कधी हरलेला नव्हता, त्यामुळे तोच खरा विजेता, असं त्याच्या लोकांचं म्हणणं. ४ जुलै १९१० ला रेनो गावी जॉन्सननं त्याला १५ व्या फेरीत संपवलं. हा वाद निदान रिंगणात मिटला; पण त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसं मेली. आणि पुढं याच जॉन्सननं काय केलं? सॅम लँगफर्ड या आपल्याच रंगाच्या तगड्या प्रतिस्पर्ध्याला विजेता असताना एकदाही जोड दिली नाही. अडवला गेलेला माणूस वर पोहोचला की तोही अडवतो, हे काही फक्त मुष्टियुद्धात होतं असं नाही.

त्याच १९१० मध्ये आपला गामा पैलवान लंडनमध्ये होता. १० सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली. झ्बिस्को बराच वेळ मातीला, म्हणजे तिथल्या मॅटला, चिकटून पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडवून आठवड्यानं पुन्हा लावायचं ठरलं, तर झ्बिस्को आलाच नाही. ‘खरा कोण’ याचं उत्तर मिळायला १९२८ साल उजाडलं. पतियाळात गामानं त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं. या गोष्टीला आमच्याकडे अजून मान आहे, कारण निकाल अठरा वर्षांनी का होईना, फडात लागला.

हेवीवेटच्या वाट्याला असं समाधान क्वचित आलं. १९१९ ते १९२६ विजेता असलेल्या जॅक डेम्प्सीसमोर हॅरी विल्स हा आव्हानवीर वर्षानुवर्षं ताटकळत राहिला. त्या लढतीची बोलणी झाली, करार झाले, लढत झाली नाही. पुढं जो लुईनं १९३७ पासून १९४९ पर्यंत २५ वेळा किताब राखला आणि जर्मनीच्या श्मेलिंगकडून झालेला आपला पराभव १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत फेडला. लुईबद्दल वाद कमी होतात, कारण त्यानं फारशी कुणाला पाठ दाखवली नाही.

रॉकी मार्सियानोपासून वादाला वेगळंच वळण लागलं. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ मध्ये निवृत्ती. हरलाच नाही म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत, झालं उलटं. १९६७ मध्ये मरे वोरोनर या अमेरिकन निर्मात्यानं जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती संगणकात भरून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली. त्या संगणकानं अलीला जेफ्रीजकडून हरवलं आणि शेवटी मार्सियानोला जिंकवलं. अलीनं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोडीत ठरलं की अली आणि मार्सियानो यांनी खरोखर रिंगणात उतरून कॅमेऱ्यासमोर खोटी लढत करायची. १९६९ मध्ये दोघांनी वेगवेगळे शेवट चित्रित केले. मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. ऑगस्टच्या अखेरीस तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत जे दाखवलं त्यात अमेरिकेत मार्सियानो १३ व्या फेरीत जिंकला, आणि युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली. प्रेक्षक बघून निकाल! आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात आणि तिथल्या तिथं माती उधळतात.

त्या १३ व्या फेरीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. सप्टेंबर १९५२ मध्ये मार्सियानोनं जर्सी जो वॉलकॉटकडून किताब घेतला तो खरोखरच १३ व्या फेरीत. तोवर तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागं होता. लढती १५ फेऱ्यांच्या होत्या म्हणून तो वाचला. १९८२ मध्ये दुक कू किम या कोरियन मुष्टियोद्ध्याचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि त्यानंतर किताबाच्या लढती १२ फेऱ्यांवर आल्या. आजचा नियम तेव्हा असता तर मार्सियानो त्या रात्री गुणांवर हरला असता आणि ४९-० हा आकडा जन्मलाच नसता. दोन काळांतल्या माणसांना एकत्र उभं करणारे कुठल्या नियमावर उभं करणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

वादाचं खरं खाद्य पुरवलं ते सत्तरच्या दशकानं. व्हिएतनाम युद्धासाठी फौजेत जायला नकार दिल्यामुळे अलीचा किताब १९६७ मध्ये काढून घेतला होता. परतल्यावर ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझरनं त्याला १५ फेऱ्यांत हरवलं. शेवटच्या फेरीत डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळून येणाऱ्या ठोशानं, त्याला जमिनीवर बसवलं. त्या फ्रेझरला जॉर्ज फोरमननं जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. मार्चमध्ये केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. त्या नॉर्टनलाही फोरमननं पुढच्या वर्षी दोनच फेऱ्यांत उडवलं. आता हिशेब करा. अलीला ज्यांनी हरवलं त्या दोघांनाही फोरमननं चिरडलं होतं. मग फोरमन-अली लढतीत अलीचं काय व्हायला हवं होतं?

३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात पहाटे चारच्या सुमाराला घंटा झाली. आपल्याकडे सकाळचे साडेआठ. फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला. अली ३२ चा. सगळे म्हणत होते, अली पळत राहील. पण दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना पाठ टेकवून उभा राहिला, दोन्ही हात तोंडापुढं, कोपरं बरगड्यांवर, आणि फोरमनला मारू दिलं. ठोसे दंडांवर, कोपरांवर पडत होते. डोकं मागं घ्यायला सैल दोरांनी जागा दिली. मधूनच अली त्याच्या कानाशी बोले, मधूनच सरळ उजवा तोंडावर ठेवून देई. पाचव्या फेरीनंतर फोरमनचे हात जड झालेले दिसतात. आठव्या फेरीच्या शेवटच्या क्षणांत अली दोरांवरून सुटून बाहेर आला, ठोशांची माळ लावली, आणि शेवटच्या उजव्यावर फोरमन गिरकी घेत खाली गेला. तो पडताना अलीनं आणखी एक ठोसा उगारला होता, तो मारला नाही.

वस्ताद मंडळींना यात नवल वाटत नाही. अंगावर येणारा पैलवान ज्याला जड जातो, तोच पैलवान दुसऱ्याला अंगावर घेऊन उलटवता येतो. फ्रेझर खाली वाकून हुक मारत घुसायचा, ते अलीला आयुष्यभर बोचलं. तेच घुसणं फोरमनच्या वरून येणाऱ्या ठोशांच्या पुढ्यात जायचं. एकाला हरवलं म्हणून त्यानं ज्याला हरवलं त्यालाही हरवेल, हे गणित इथं कायमचं मोडलं. तरी कट्ट्यावर ते रोज मांडलं जातंच. हिंदकेसरी मारुती माने आणि दादू चौगुले यांच्या नावानंही मांडलं जातं. आणि पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आमच्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्याची तिथं डाळ शिजत नाही.

बेळगावात बॉक्सिंग म्हटलं की कॅम्प आठवतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आठवतं; देशभर हा खेळ वाढला तो मुख्यतः फौजेमुळे. आपले दोन मोठे हेवीवेटही फौजीच. हवासिंग यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं, कौरसिंग यांनी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये. कौरसिंग जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत खुद्द अलीसमोर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळले होते. पण दोघांचीही कारकीर्द हौशी मुष्टियुद्धात गेली, त्यामुळे जागतिक वादात आपलं माणूस घालायची सोय नाही. बरंच आहे, नाहीतर भांडणं घरापर्यंत आली असती.

टायसन १९८६ मध्ये वीस वर्षांचा असताना विजेता झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरला. त्या डग्लसवर कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. भाव ४२ ला १ होता. टायसनचे भक्त या लढतीला ‘तयारी नव्हती’ म्हणून वगळतात. मला ते पटत नाही. तयारी करून येणं हाही खेळाचाच भाग आहे.

तोवर पट्टेही वाढले होते. एका संघटनेच्या दोन, दोनाच्या चार झाल्या आणि प्रत्येकीचा आपापला विजेता. जोड चुकवायला याहून सोपी वाट नाही. डिसेंबर १९९२ मध्ये रिडिक बोनं लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी आपला एक पट्टा पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. ऑलिंपिकमध्ये लुईसनं बोला हरवलं होतं. व्यावसायिक रिंगणात ती जोड कधी लागलीच नाही. लुईसनं १९९९ मध्ये होलिफिल्डला हरवून चारपैकी तीन पट्टे एकत्र केले. त्यानंतर क्लिच्को बंधूंचा जमाना आला, आणि या दोघांनी तर एकमेकांशी लढणार नाही असा आईला शब्द दिला होता. तिथं कुणाचं काय चालणार?

फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांची लढत ऑगस्ट २०२१ मध्ये सौदीत जवळजवळ ठरली होती. तेवढ्यात लवादानं निकाल दिला की करारानुसार फ्युरीनं आधी डिऑन्टे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायला हवं. सप्टेंबरमध्ये उसिकनं जोशुआला हरवून त्याचे पट्टे नेले, आणि दोघं ऐन भरात असताना व्हायची ती लढत राहूनच गेली. उसिकचं मोठेपण मला इथं वाटतं. तो खालच्या वजनगटातून वर आला आणि प्रत्येकाला त्याच्या घरी किंवा परक्या रिंगणात जाऊन गाठलं: जोशुआला दोनदा, फ्युरीला दोनदा, दुबुआला दोनदा. आजच्या माणसांत तो पहिला, यात मला शंका नाही. भरातल्या टायसनविरुद्ध पहिल्या चार फेऱ्या त्याला जड जातील, पुढच्या आठ टायसनला.

पण वजनकाटा आणला की सगळंच फिरतं. मे २०२४ च्या लढतीला फ्युरी सुमारे ११९ किलो होता, उसिक १०१ च्या आसपास. २०२० मध्ये डब्ल्यूबीसी या संघटनेनं हेवीवेटच्या खाली ‘ब्रिजरवेट’ नावाचा नवा गट काढला, कमाल मर्यादा २२४ पौंड. मे २०२४ च्या त्या लढतीला उसिक २२३.५ पौंड भरला होता. किन्शासात अली २१६.५ होता, पहिला किताब घेताना टायसन २२१ च्या घरात, आणि मार्सियानो तर १९० च्याही आत. कट्ट्यावर ज्यांच्या नावानं आवाज चढतात त्यातले बहुतेक आजच्या तक्त्यात हेवीवेटच्या खालच्या गटांत बसतात, आणि वर उरतात फ्युरी, जोशुआ यांच्यासारखे उंच गडी, ज्यांच्या बाजूनं आमच्याकडे अजून कुणी भांडायला उभं राहिलेलं नाही.