ब्लू-५०० आणि प्रायमरी: दोन्ही टोकनच, मग फरक काय?

डिझाइनमधला रंग वगैरे एकदाच नाव देऊन ठेवायचा आणि सगळीकडे ते नाव वापरायचं, त्या नावाला टोकन म्हणतात. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमधे ब्लू-५०० नावाचं टोकन आहे आणि त्याची व्हॅल्यू पिवळी आहे. खरंच. क्लायंटचा पहिला ब्रँड निळा, सगळ्या बटणांना आम्ही थेट ब्लू-५०० लावून मोकळे झालो, मग दुसरा ब्रँड आला तो पिवळा, डेडलाइन बोकांडी बसलेली, तेव्हा कोणीतरी (ओके, मीच) त्या ब्रँडच्या फाईलमधे ब्लू-५०० समोर पिवळ्याचा कोड टाकला. बटणं पिवळी झाली. सोबत लिंका आणि सूचनांच्या पट्ट्या पण, कारण त्यांनाही तेच ब्लू-५०० लावलेलं.

प्रिमिटिव्ह आणि सिमँटिक टोकन लोक एकच समजतात ते इथेच अंगाशी येतं. प्रिमिटिव्ह म्हणजे नुसता रंगाचा डबा, ब्लू-५०० म्हणजे एक ठरावीक निळा, तो कुठे लावणार याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिमँटिक म्हणजे कामाचं नाव: प्रायमरी, एरर, बॅकग्राउंड. त्याला स्वतःचा रंग नसतो, तो कुठल्यातरी डब्याकडे बोट दाखवतो. बटणाने फक्त कामाचं नाव घ्यायचं. ब्रँड बदलला की बोट दुसऱ्या डब्याकडे वळवायचं, बटणाचा कोड आहे तसाच.

गुगलच्या मटेरियल ३ या डिझाइन सिस्टिममधे हे टोकनच्या नावातच आहे, 'रेफ' म्हणजे डबे आणि 'सिस' म्हणजे कामं. तिथलं प्रायमरी लाइट थीममधे पॅलेटमधल्या प्रायमरी-४० (गडद छटा) कडे बघतं, डार्कमधे ८० (फिकट छटा) कडे. 'कॉम्प' हा तिसरा थरही आहे, एकेका कंपोनंटचा (बटण, कार्ड वगैरे), पण दोन ब्रँडसाठी लगेच त्याच्या नादी लागू नका, नावं सांभाळता सांभाळता जीव जाईल.

आणि नुसतं प्रायमरी करून पण भागत नाही हां. आमच्या पिवळ्या बटणावर अक्षरं पांढरीच राहिली, कारण तिथे थेट व्हाइट लिहिलेलं. शुद्ध पिवळ्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.०७, आणि डब्ल्यूसीएजीची (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली) एए लेव्हल साध्या मजकुराला ४.५ मागते. म्हणून ऑन-प्रायमरी वेगळं लागतं, म्हणजे प्रायमरीवरच्या अक्षरांचा रंग: निळ्या ब्रँडला पांढरा, पिवळ्याला काळा.

आता तिसरा ब्रँड येतोय, लाल. प्रायमरी आणि एरर दोघांचं बोट रेड-६०० कडे, त्यामुळे 'पैसे भरा' आणि 'खातं डिलीट करा' अगदी जुळी भावंडं. त्या ब्रँडपुरतं एररचं बोट मरूनकडे वळवलंय आणि डिलीटला नुसती आउटलाइन दिलीये.