सभा ‘प्रीपोन’ करताय? नोटीस टाकण्याआधी एवढं वाचा

(नोटीस, पत्र टायपिंग आणि छपाईच्या ग्राहकांसाठी)

प्रीपोन म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आधी घेणे, पोस्टपोनच्या नेमकं उलट. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे; ‘प्री’ आधी, ‘पोस्ट’ नंतर. “हा शब्द चूक आहे का?” असं सोसायटीचे सचिव आणि बचत गटाच्या ताई नेहमी विचारतात. चूक नाही. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, भारतीय इंग्रजीतला म्हणून. बँकेला, पंचायत समितीला लिहिताना खुशाल वापरा. पत्र परदेशी खरेदीदाराला जाणार असेल, तर आम्ही ‘ब्रिंग फॉरवर्ड’ टाकतो. तिकडे तेच चालतं.

गडबड होते ती याच ‘फॉरवर्ड’ने. फॉरवर्ड म्हणजे पुढे, म्हणून कच्च्या मजकुरात “सभा चार दिवस पुढे घेतली” असं येतं. आपल्याकडे पुढे म्हणजे नंतर. सभा १६ वरून १२ ला आलेली असते आणि गावातला सभासद २० तारीख धरून बसतो. मग नोटिशीचा सगळा गठ्ठा वाया, वाटणाऱ्याची फेरीही वाया. म्हणून नोटिशीत पुढे-मागे हे शब्द नकोतच. असं लिहा:

“मंगळवार, दि. १६ सप्टेंबर २०२५ रोजीची सभा आता त्याआधी, शुक्रवार, दि. १२ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजता होईल. ठिकाण व विषय तेच.”

वार नक्की टाका. तारीख चुकली तर वारावरून लगेच कळतं.

सभा आधी घेताना नोटिशीची मुदतही मोजा. उपविधीत पूर्ण १४ दिवस लिहिले असतील, तर नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस सोडून मोजायचे. १ तारखेची नोटीस १६ च्या सभेला बरोबर पुरते. तीच सभा १२ ला घेतली की मध्ये दहाच दिवस उरतात आणि एखादा सभासद हरकत घेऊ शकतो. पोस्टपोनमध्ये ही अडचण नसते.

यासाठीच तारखेतला बदल आम्ही फोनवर घेत नाही. काहींना तो अडेलपणा वाटतो, पण जुनी आणि नवी तारीख कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून आली, की दोन्हींचे वार आणि मधले दिवस आम्हीच मोजून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मराठी-इंग्रजी दोन्ही मजकूर एकाच वेळी करून घेतले तर तारखा जुळतात. कच्ची प्रत पाहून ‘ठीक’ कळवा, मगच छपाई.

येताना जुन्या नोटिशीची एक प्रत आणा. नव्या नोटिशीत तिचा जावक क्रमांक आणि दिनांक टाकावा लागतो.