शंभर डेस्कटॉप, एक सर्व्हर

कॉल सेंटरमध्ये टेबलावर कधी कधी पुस्तकाएवढा डबा दिसतो, त्याला थिन क्लायंट म्हणतात. दाबलेली बटणं तो दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तिकडून आलेलं चित्र पडद्यावर दाखवतो. एक्सेल, मेल, फायली, सगळं तिकडेच. मग एकाच यंत्रावर शंभर जणांचे डेस्कटॉप एकमेकांपासून वेगळे ठेवायचे कसे?

जुना मार्ग असा, की विंडोज एकच आणि प्रत्येकाचं सेशन, म्हणजे लॉगिन करून मिळणारी स्वतंत्र जागा, वेगळं. सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने 1995 मध्ये विंडोज एनटी 3.51 वर बेतलेलं विनफ्रेम आणलं. मायक्रोसॉफ्टने ते तंत्र परवान्यावर घेऊन 1998 मध्ये एनटी 4.0 ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. यातली काटकसर मला फार आवडते. चाळीस जणांनी वर्ड उघडलं तरी त्याच्या कोडची रॅममध्ये बहुतांशी एकच प्रत राहते. वेगळा असतो तो ज्याचा त्याचा मजकूर.

पण कर्नल, म्हणजे विंडोजचा सगळं चालवणारा गाभा, तोही एकच असतो. एनटी 4.0 मध्ये प्रिंटर ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्रॅम, कर्नलच्या आत चालत. एकाने प्रिंट द्यावी, ड्रायव्हर गडबडावा, निळा पडदा यावा आणि सर्व्हरवरचे सगळेच बाहेर फेकले जावेत, असं त्यात घडू शकत होतं. विंडोज 2000 मध्ये ड्रायव्हर कर्नलबाहेर चालवण्याची सोय झाली, आणि सर्व्हर 2003 ने कर्नलमधले ड्रायव्हर मुळातच अडवले.

व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये, म्हणजे व्हीडीआयमध्ये, प्रत्येकाला अख्खं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक, मिळतं. कर्नल ज्याचा त्याचा, त्यामुळे एकाचं मशीन बंद पडलं तरी शेजाऱ्याचं काम चालू राहतं. याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते, कारण विंडोजही शंभर चालवायच्या. शिवाय सकाळी सगळी मशिनं एकदम सुरू झाली की डिस्कवर झुंबड उडते. याला बूट स्टॉर्म म्हणतात. मिनिटाला 15,000 फेरे घेणारी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला जेमतेम दोनशेच्या आसपास विखुरलेल्या मागण्या पुरवते. एसएसडी आल्यावर हे दुखणं बरंच कमी झालं.

रॅम वाचवायला व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशिनांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने एक युक्ती केली होती: वेगवेगळ्या मशिनांतली तंतोतंत सारखी पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, रॅममध्ये एकदाच ठेवायची. पुढे संशोधकांनी दाखवलं, की अशा सामायिक पानांच्या आधारे एका मशीनमधून दुसऱ्याच्या एन्क्रिप्शन कीचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्लीचा, माग काढता येऊ शकतो. 2014 मध्ये व्हीएमवेअरने मशिनांमधली ही वाटणी आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. वेगळेपणासाठी रॅम खर्चायची आणि वाटणी करून ती परत मिळवायची, हे दोन्ही एकदम साधत नाही.

म्हणून नोंदी भरणं, तिकिटं काढणं, ठरलेली दोन-तीन ॲप्स वापरणं असं काम असेल, तर सेशनच घ्यावं असं मला ठामपणे वाटतं. स्वतः सॉफ्टवेअर टाकणाऱ्या प्रोग्रॅमरला मात्र स्वतंत्र मशीन द्यावं. त्याला ॲडमिनचे अधिकार लागतात आणि सामायिक सर्व्हरवर ते देणं धोक्याचं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ॲझ्युर या आपल्या क्लाउडवर दोन्ही मार्गांचा मेळ घालणारी विंडोज 10 ची अशी आवृत्ती दिली, की एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये अनेक जणांची सेशनं चालतात.