योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं कॅन्सर होतो का?

मंगळवार पेठेतल्या आमच्या काकूंनी डॉक्टरांनी दिलेली ट्यूब दोन महिने तांदळाच्या डब्यामागं लपवून ठेवली होती. सील तसंच. खोक्यातला कागद वाचून शेजारणीनं सांगितलेलं, "हार्मोन हाय, कॅन्सर होतो." इकडं पाळी कायमची गेल्यापासूनचा तिथला कोरडेपणा, लघवीला आग, रात्री चारदा उठणं चालूच.

ही भीती पसरली २००२ साली. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला दिसला. पण त्या बायका इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन्स गोळीतून, पोटात घेत होत्या. क्रीमचा डोस अगदी कमी असतो. जिथं लावतो तिथंच ते काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत क्रीमनं हा धोका वाढल्याचं आढळलं नाही. उलट पातळ झालेलं आतलं अस्तर सावरतं आणि सारखं होणारं लघवीचं इन्फेक्शनही कमी होतं. अंगातून वाफा येणं मात्र यानं थांबत नाही, त्याचे उपचार वेगळे.

सहसा पहिले २ आठवडे रोज झोपताना, मग आठवड्यातून दोनदा लावतात. पूर्ण फरक पडायला २-३ महिने जातात, म्हणून आठ दिवसांत कंटाळून सोडू नका, मी हात जोडून सांगते.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. आणि पाळी कायमची गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी "उष्णता असेल" म्हणून थांबू नका, लगेच तपासून घ्या.