कमरेचं पिस्तूल आणि डिक्कीतलं पिस्तूल

इथे अमेरिकेत दर गणपतीत पंगतीला बसलं की कोणीतरी हे वाक्य टाकतोच: "माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे. न्यू जर्सीत शिरताना पिस्तूल डिक्कीत टाकतो, मग कोणी काही करू शकत नाही." शेजारचा मान डोलावतो, मोदकावर तूप पडतं आणि चुकीची माहिती आणखी चार घरांत पोचते. या एका वाक्यात दोन वेगवेगळे कायदे कोंबलेत, आणि बोलणाऱ्याला त्यातला एकही लागू होत नाही.

पहिला कायदा परवान्याच्या मान्यतेचा. तो बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून भराभर सांगतो. अमेरिकेत लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना राज्य देतं आणि तो त्या राज्यापुरता असतो. शेजारच्या राज्याने तो मानायचा की नाही, हे शेजारचं राज्य ठरवतं. व्हर्जिनिया, ओहायो सगळ्या राज्यांचे परवाने मानतात. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मेरीलँड, कॅलिफोर्निया कोणाचाच मानत नाहीत. मिशिगन आणि कोलोरॅडो मानतात, पण परवाना देणाऱ्या राज्याच्याच रहिवाशाला मिळालेला. म्हणजे घर एकीकडे आणि परवाना युटाचा मागवलेला, असं तिथे चालत नाही. याला सगळे सरसकट 'परस्पर मान्यता' म्हणतात, जरी बऱ्याचदा ती एकतर्फी असते. त्या शब्दावरून मी भांडत बसत नाही.

मान्यता मिळाली की तुम्ही त्या राज्यात पिस्तूल भरून, कमरेला लावून फिरू शकता, पण त्या राज्याच्या नियमांनी. टेक्सासात दुकानाच्या दारावर ३०.०६ कलमाची पाटी असेल तर लपवलेलं पिस्तूल घेऊन आत जायचं नाही. घरी चालतं म्हणून इथेही चालेल, हा युक्तिवाद तिथला पोलीस ऐकून घेत नाही.

दुसरा कायदा वाटेचा, आणि सगळे अडखळतात ते इथे.

१९८६ साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट केला. त्याला सगळे 'फोपा' म्हणतात. त्यातल्या एका कलमाने प्रवाशाला मधल्या राज्यांतून शस्त्र नेण्याची मुभा दिली. या मुभेचा तुमच्या परवान्याला कोणी मान्यता देण्याशी काहीही संबंध नाही. मधलं राज्य तुमचा परवाना मानत नसेल, तरीसुद्धा ती मिळते. मात्र अटी पूर्ण झाल्या तरच. शस्त्र रिकामं हवं. शस्त्र आणि काडतुसं, दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिक्की नसेल, म्हणजे एसयूव्ही किंवा मिनिव्हॅन असेल, तर कुलूपबंद पेटी हवी. ग्लोव्ह बॉक्स आणि दोन सीटमधला कप्पा यांना कुलूप असलं तरी ते पेटीत धरत नाहीत. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

इथवर लोकांना माहीत असतं. डिक्की, कुलूप, रिकामं. विसरतात ती पहिली अट: जिथून निघालात तिथे आणि जिथे चाललात तिथे, दोन्ही ठिकाणी ते शस्त्र तुम्हाला कायदेशीरपणे बाळगता आणि सोबत नेता आलं पाहिजे. फोपा वाटेला संरक्षण देतो, मुक्कामाला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनहून व्हरमाँटला निघालात आणि न्यू जर्सी, न्यू यॉर्क वाटेत लागली, तर तुमच्या डिक्कीतल्या पिस्तुलाला या कलमाचा आधार आहे. व्हरमाँटमध्ये परवाना लागतच नाही. पण अ‍ॅलनटाउनहून एडिसनला गणपतीला निघालात, तर तुमचं शेवटचं ठिकाण न्यू जर्सी आहे, आणि तिथे तुमचा परवाना म्हणजे कागदाचा तुकडा. डिक्की कितीही कुलूपबंद असो, फोपा लागूच होत नाही. न्यू जर्सीचा स्वतःचा वाहतुकीचा नियम आहे, पण त्यात नेमकी कामं दिलीत: शूटिंग रेंज, शिकार, दुरुस्ती, खरेदी, घर बदलणं. पंगत त्यात नाही.

"पकडतंय कोण?" हा यावरचा ठरलेला प्रश्न. २०१३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या एका बाईला न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत वाहतूक पोलिसांनी थांबवलं. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. पिस्तूल सोबत असल्याचं तिने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं. परवाना इथेही चालतो, असंच तिला वाटत होतं. समोर किमान साडेतीन वर्षांची सक्तीची कैद आली. पुढे प्रकरण निवळलं आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. आता दरवेळी गव्हर्नर माफी देतील, या हिशेबाने ज्याला न्यू जर्सीत जाणारा पूल ओलांडायचा असेल त्याने ओलांडावा.

वाट आणि मुक्काम यांच्यातली रेघ किती बारीक आहे, ते दुसऱ्या एका प्रकरणात दिसतं. २००५ मध्ये युटाचा एक माणूस सॉल्ट लेक सिटीहून अ‍ॅलनटाउनला विमानाने निघाला होता. बॅगेत रिकामं पिस्तूल, कुलूपबंद, विमान कंपनीला रीतसर सांगितलेलं. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं. बॅग ताब्यात घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी पुन्हा विमानतळावर येऊन त्याने पिस्तुलाची नोंद द्यायला सुरुवात केली आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने दावा लावला, तो तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयात २०१० मध्ये हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की रात्रभर हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणजे पिस्तूल हाताशी होतं, म्हणजे फोपाची अट मोडली. यात याची चूक नव्हती, हेही न्यायालयाने मान्य केलं. अशा वेळी बॅग ताब्यात घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना गाठायला हवं होतं, असं निकालात म्हटलंय. विमान चुकलेल्या माणसाला रात्री हे सुचावं, ही अपेक्षा मला तरी क्रूर वाटते. पण नेवार्कला बदली विमान असेल तर हा निकाल माहीत असलेला बरा.

दोन्ही कायदे एकाच प्रवासात कसे येतात, ते बघायचं असेल तर हॅरिसबर्गहून आय-८१ ने व्हर्जिनियाला जा. पेनसिल्व्हेनियात तुमचा परवाना चालतो, पिस्तूल कमरेला. मग मेरीलँड लागतं. हा महामार्ग मेरीलँडमधून जेमतेम १२ मैल जातो, हेगरस्टाउन आलं म्हणेपर्यंत पोटोमॅक नदी येते. नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनिया, तिथे २०१६ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याची गरज नाही. पुढे व्हर्जिनिया, तिथे तुमच्या परवान्याला मान्यता. मधले १२ मैल मात्र फोपाचे. म्हणजे मेरीलँडच्या हद्दीआधी थांबा, पिस्तूल रिकामं करा, डिक्कीत ठेवा, कुलूप लावा, आणि नदी ओलांडल्यावर पुन्हा थांबा. बारा मैलांसाठी एवढा खटाटोप कोण करतो, असं म्हणणारे मला भेटतात. तेच लोक टोल चुकवायला मात्र तीन अ‍ॅप लावून बसतात.

आता माझं डोकं फिरवणारी उपमा: "ड्रायव्हिंग लायसन्स चालतं ना सगळीकडे? मग हेही चाललं पाहिजे." ड्रायव्हिंग लायसन्स संविधानाच्या आज्ञेने चालत नाही. राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ते मानायचं ठरवलं, म्हणून चालतं. उपमाच द्यायची तर वकिलीच्या सनदेची द्या: टेक्सासची सनद घेऊन कॅलिफोर्नियाच्या कोर्टात उभं राहता येत नाही. आणि भारतातल्या शस्त्र परवान्यावरसुद्धा तो कुठल्या हद्दीत चालेल ते लिहिलेलं असतंच की. मग इथेच नवल का वाटावं?

दुसरा गैरसमज २०२२ च्या ब्रुएन निकालाचा. "सुप्रीम कोर्टाने सगळं खुलं केलं." नाही केलं. परवाना द्यायला खास कारण मागू नका, एवढं न्यूयॉर्कसारख्या राज्यांना सांगितलं. दुसऱ्याचा परवाना माना, असं सांगितलेलं नाही. न्यू जर्सीत आता बाहेरच्या माणसालाही अर्ज करता येतो. तो करावा, मिळाला तर एडिसनचा प्रश्नच मिटला. देशभर मान्यता सक्तीची करणारं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, मंजूर झालं होतं आणि सेनेटमध्ये अडकलं.

परवान्याशिवाय शस्त्र बाळगू देणारी राज्यं २०२४ पर्यंत २९ झाली. तिथले बरेच लोक परवाना काढतच नाहीत आणि दुसऱ्या राज्यात गेल्यावर मान्यता मागतात. परवानाच नाही, तर मान्यता कशाला द्यायची? व्हरमाँट तर परवाना देतच नाही. शिवाय शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत शस्त्रबंदी करणारा केंद्रीय नियम त्याच राज्याने दिलेल्या परवान्यालाच सूट देतो. मानलेला बाहेरचा परवाना त्यात बसत नाही. कुठल्याही गावात हजार फुटांवर शाळा असतेच.

आणि पंगतीत बसलेल्यांपैकी जे एच-१बी वर आहेत, त्यांनी या वादात पडूच नये. बिगर-स्थलांतरित व्हिसावर शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगणंच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्याचा वैध शिकारीचा परवाना, असे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही. व्हिसावरच्या मित्राला "जरा धर, मी ताट घेऊन येतो" म्हणत पिस्तुलाची पेटी हातात देणारा एक महाभाग मी गेल्या वर्षी पाहिला. तोही एडिसनमध्येच.