उजेड ऐकायचा कसा?

मोबाइलचा टॉर्च बोटांखाली धरा. बोटं लालबुंद होतील, पण हाडं काही दिसणार नाहीत. उजेड आत पोचतच नाही, असं पुष्कळांना वाटतं. मग ही लाली आली कुठून? उजेड आरपार जातो, पण मिलिमीटरभर आत शिरताच वाट चुकतो. बाहेर पडलेला किरण नेमका कुठून आला, हे कळायला मार्ग उरत नाही.

आवाज ऊतींमध्ये त्यामानाने कितीतरी कमी विखुरतो. म्हणून आत उजेड पाठवायचा आणि बाहेर आवाज ऐकायचा. हे फोटोअकूस्टिक इमेजिंग. तुटक प्रकाशझोत पडला की पदार्थ आवाज करतात, हे ग्रॅहॅम बेल यांनी १८८० सालीच नोंदवलं होतं.

खरी गंमत वेळेत आहे. लेझरचा स्पंद जेमतेम ५ नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). तो शोषून रक्त तापतं, तेही अंशाच्या हजाराव्या भागाइतकं. तापलेली वस्तू प्रसरण पावते हे शाळेत शिकलोय, पण त्यासाठी शेजाऱ्याला ढकलावं लागतं आणि ती ढकल आवाजाच्याच वेगाने पुढे सरकते. ५ नॅनोसेकंदांत ती जाते साडेसात मायक्रोमीटर, म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीइतकी. त्याहून जाड रक्तवाहिनीला फुगायला सवडच मिळत नाही. उष्णता आली, जागा मात्र तेवढीच, म्हणून दाब सुमारे ८०० पास्कलने चढतो आणि अल्ट्रासाउंड लहर होऊन सुटतो. तेवढाच उजेड सावकाश दिलात, तर ऊती नुसत्या कोमट होतील.

‘लाल दिव्याने शरीरशुद्धी’ विकणाऱ्यांनी यावर हक्क सांगू नये. आणि ‘आता एक्स-रे इतिहासजमा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ही नजर काही सेंटिमीटरच पोचते. उंदीर तेवढाच जाड असतो, माणूस नाही.

म्हणून प्रयोग उंदरावर. भूल दिलेल्या, केस काढलेल्या उंदराचं अंग कोमट पाण्यात असतं, कारण हवेची फट राहिली की अल्ट्रासाउंड तिथेच अडतो. शेपटीच्या शिरेतून इंडोसायनिन ग्रीन टोचतात. हा रंग रक्तात ८०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो. तिथे हिमोग्लोबिनचं शोषण कमी असतं, म्हणून रंग उठून दिसतो. वेगवेगळ्या तरंगलांबींवर चित्रं घेऊन, वर्णपटांच्या समीकरणांतून रंगाचा वाटा वेगळा काढतात. हा रंग चमकतोही, पण शोषलेल्या ऊर्जेपैकी बहुतेक उष्णतेत जाते. चमकणाऱ्या रंगाचं हे उणेपण इथे कामाला येतं.

पडद्यावर आधी शिरा उजळतात. काही मिनिटांत त्या फिकटतात आणि यकृत उजळतं. तिथून पित्ताबरोबर रंग आतड्यात उतरतो. शिरा पुन्हा बघायच्या, तर पुन्हा सुई.