‘ने’ नेमका कोणाला लागतो?

‘रामे सीताने जोई.’ बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला या गुजराती वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही: रामाने सीतेला पाहिलं. पण वाक्य जरा जवळून बघा. मराठीत ‘ने’ पाहणाऱ्याला लागतो. गुजरातीत तोच ‘ने’ जिला पाहिलं तिला लागलाय, आणि पाहणाऱ्या रामाच्या वाट्याला नुसता ‘ए’ आलाय.

कोणी केलं आणि कोणाला केलं, हे प्रत्येक भाषेला कुठे ना कुठे दाखवावंच लागतं. चिनी भाषा ते शब्दांच्या जागेवरून दाखवते. ‘वो आय नी’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे, ‘नी आय वो’ म्हणजे तुझं माझ्यावर. शब्द तेच, रूपही तेच. तुर्की भाषा प्रत्यय एकापुढे एक जोडते: आत म्हणजे घोडा, आत-लार घोडे, आत-आ घोड्याला, आत-लार-आ घोड्यांना. प्रत्येक तुकडा सुटा आणि एकाच कामाचा. संस्कृतात ‘अश्वेभ्यः’ घ्या. त्यातल्या ‘भ्यः’मधून विभक्ती वेगळी आणि अनेकवचन वेगळं काढून दाखवताच येणार नाही. मराठी या दोन्हींच्या मधली. ‘घोडा’चं आधी सामान्यरूप ‘घोड्या’, मग अनेकवचनाचा अनुस्वार, मग ‘ना’.

एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायशरसारख्या विद्वानांनी या प्रकारांची शिडी केली: चिनी खाली, संस्कृत-लॅटिन वर. ती शिडी भाषाविज्ञानाने कधीच टाकून दिली. तरी ‘संगणकाला संस्कृतच सर्वांत योग्य, नासाने मान्य केलं’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप काही थांबत नाही. त्याच्या मुळाशी नासातले संशोधक रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा एक लेख आहे. शास्त्रीय संस्कृतात वाक्याचा अर्थ उलगडण्याची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांतलं साम्य त्यांनी दाखवलं होतं. नासाने संस्कृतला कसलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही. पाणिनीला त्याची गरजही नाही.

खरी गंमत आपल्या भूतकाळात आहे. रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. क्रियापद रामाकडे बघतच नाही, ते खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं. याचं मूळ ‘रामेण फलं खादितम्’ या कर्मणी रचनेत आहे. तिथे कर्ता तृतीयेत असतो आणि धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. पुढे हीच रचना साधा भूतकाळ होऊन बसली.

पण कर्माला ‘ला’ लागला की मराठी क्रियापद हात झटकतं: रामाने सीतेला ‘पाहिलं’, सरळ नपुंसकलिंग. हिंदीतही ‘सीता को देखा’. गुजराती मात्र ‘ने’ लावूनही सीतेला सोडत नाही, म्हणून ‘जोई’.

मराठीने दुसरीकडे कमाल केली आहे. ‘तू पोळी खाल्लीस.’ यातली ‘ली’ पोळीची आणि ‘स’ तुझा. पोळीऐवजी आंबा ठेवा, ‘खाल्लास’ होईल. खाणारा बदला, ‘स’ जाईल. एकाच क्रियापदावर कर्ता आणि कर्म दोघांच्या खुणा! ‘तू’ला ‘ने’ लागत नाही, तेव्हा कर्त्याची खूण क्रियापदाने उचलली आहे.

आणि सगळी क्रियापदं या नियमात बसतातच असं नाही. तिने पोळी खाल्ली, पण ती चहा प्यायली. इथे ‘ने’ही नाही आणि ‘प्यायली’ चहाची नाही, तिची आहे. गुजरातीत मात्र ‘तेणे चा पीधी’, आणि ही ‘पीधी’ चहाची, कारण गुजरातीत चहा स्त्रीलिंगी.